उंडो, आई आणि जमिनीवर बसलेली मी

बोरीच्या पुलावर गाडी अडकलेली, पाऊस असा की वायपर असून नसल्यासारखा, आणि माझ्या मांडीवरच्या खोक्यातून कसलाच आवाज नाही. गाडी दादा चालवत होता, तो दर दोन मिनिटांनी विचारायचा "आहे ना गं जिवंत?" आणि मी खोक्याच्या भोकातून बघायचे तर आत तपकिरी गोळा होऊन बसलेला ससा, कान पाठीला चिकटवलेले, डोळे सताड उघडे. मडगाव ते फोंडा म्हणजे वीसेक किलोमीटर, त्या दिवशी दीड तास लागला आणि त्या दीड तासात त्याने एकदा सू केली, ती पुठ्ठ्यातून झिरपून माझ्या ड्रेसवर, बाकी नुसता पुतळा. मला तेव्हा वाटलं किती गुणी बाळ आहे हो, अजिबात त्रास नाही. गुणी कसलं, भीतीने थिजला होता बिचारा.

तर हा जुलैचा पहिला रविवार. मडगावातलं एक कुटुंब बेंगळूरला शिफ्ट होत होतं, त्यांच्या मुलांनी हौसेने घेतलेला ससा आता कुणाला तरी द्यायचा होता, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ओळखीने माझ्यापर्यंत फोटो आला आणि मी हो म्हणून बसले. माणसं वाईट नव्हती हां, पण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाल्कनीत तारेचा पिंजरा, खाली पण तारच. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, त्यामुळे तारेवर बसून बसून याच्या मागच्या पायांचे केस उडून तिथे लालसर टक्कल पडलेलं. खायला चपाती, मारी बिस्किट आणि कधीतरी गाजर. वय दोन वर्षं, नाव 'बनी'. दुकानातून आणलेल्या प्रत्येक सशाचं नाव बनीच असतं का?

घरी आल्यावर आई दारातच उभी. "कितें गो हें हाडलें?" म्हणजे हे काय आणलंस. मी खोकं हॉलच्या कोपऱ्यात ठेवून उघडलं, तर हा चारही पाय अंगाखाली घेऊन गोल बसलेला, वरून तपकिरी, कडेला जरा फिकट. आई वाकून बघते आणि म्हणते, "उंडो कसो दिसता गो!" झालं, नाव पडलं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, उंडो म्हणजे आमच्याकडचा गोल, वरून कडक भाजलेला पाव, पदेर सकाळी सायकलवरून आणतो तो. दादाचं म्हणणं की पाव पोर्तुगिजांनी आणला आणि आपण पाळतो तो ससाही मूळचा तिकडचाच, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा, तेव्हा नाव एकदम बरोबर आहे, १९६१ ला पोर्तुगीज गेले पण हा राहिला. पुढे जाऊन त्याने असंही सांगितलं की गोव्यात कुएल्यो आडनाव आहे ना, त्याचा पोर्तुगीजमधला अर्थच ससा. हे मात्र खरं आहे, नंतर मी बघितलं.

आईच्या डोक्यात ससा म्हणजे लहानपणी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत दिसायचा तो सोंसो, रानातला ससा. पण तो वेगळा प्राणी. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो म्हणून घोटाळा होतो. रानातला ससा बीळ करत नाही, उघड्यावरच राहतो, त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला संरक्षण आहे, तेव्हा शेतात पिल्लू सापडलं तर घरी आणायचं नाही, बहुतेक वेळा त्याची आई जवळपासच असते. पाळीव सशाची पिल्लं मात्र उघडीबोडकी आणि आंधळी जन्मतात, आणि त्याचे पूर्वज जमिनीखाली बोगदे करून कळपाने राहणारे. हे मला नंतर फार उपयोगी पडलं कारण याला काय हवंय ते त्यातच आहे, डोक्यावर छप्पर, पळायला दोन वाटा आणि आजूबाजूला कुणीतरी ओळखीचं.

पण हे कळेपर्यंत मी पहिल्या आठवड्यात जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या केल्या.

पहिल्याच संध्याकाळी शेजारची तीन मुलं बघायला आली, मी कौतुकाने उचलून दाखवला. त्याने मागच्या पायांनी अशी लाथ झाडली की माझ्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडा. मला माझ्या हाताचं वाईट वाटलं, आता त्याच्या पाठीचं वाटतं, कारण सशाची हाडं हलकी आणि मागचे पाय भयंकर ताकदीचे, धरलेलं असताना जोरात लाथ मारली तर स्वतःचाच कणा मोडू शकतो. आणि त्याच्या बाजूने विचार करा ना, रानात सशाला वरून कोण उचलतं? घार, घुबड. आपण 'अले अले' करत वाकतो तेव्हा त्याला तेच दिसतं. उचलायचंच असेल, म्हणजे डॉक्टरकडे न्यायला वगैरे, तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि आपल्या अंगाशी घट्ट. कानाला धरून तर कधीच नाही, हे लिहावं लागतंय पण लिहिते, कारण सिनेमात जादूगार टोपीतून तसाच काढतो आणि आमच्या शेजारच्या छोट्यानेही तोच हात पुढे केला होता.

दुसरी चूक, फरशी. आमच्याकडे गुळगुळीत टाइल्स, त्यावर उंडो म्हणजे पहिल्यांदा बर्फावर गेलेला माणूस, चारी पाय चार दिशेला. म्हणून तो खोक्यातून बाहेरच यायचा नाही आणि मला वाटायचं लाजतोय. मग जुन्या चादरी, एक चटई आणि आईची वापरात नसलेली गोधडी अंथरली तर तासाभरात बाहेर. तळव्यांनाही मऊ झालं, ते लाल टक्कल भरून यायला मात्र दोन महिने गेले.

पिंजरा मी आणलाच नाही. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतात तसे घडीचे लोखंडी कठडे आणून हॉलच्या कोपऱ्यात साधारण चार बाय सहा फुटांची जागा केली. आधी थोडीच जागा द्यायची, एकदम अख्खं घर दिलं तर तो सोफ्याखाली जाऊन बसतो आणि दोन दिवस दिसत नाही. आत एक पुठ्ठ्याचं खोकं, त्याला दोन दारं कापलेली. दोन का, तर एका दाराची गुहा सशाच्या हिशोबात सापळा असतो. पाण्याला बाटली नको, वाडगा बरा, मान खाली घालून नीट पितात, पण हलका वाडगा तो दाताने उचलून फेकतो, म्हणून मी आईचं हुमण, म्हणजे माशाची आमटी करायचं मातीचं कुंडलें घेतलं, जे जड आहे. आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

आता खाण्याचं. याच्यावर मी तासभर बोलू शकते आणि घरातले सगळे माझा हा तास ऐकून कंटाळलेत. सशाचं जेवण म्हणजे गवत. सुकं गवत, दिवसभर, हवं तेवढं. पानातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग तोच, बाकी थोडा पाला, चमचा-दोन चमचे साध्या पेलेट्स म्हणजे खाद्याच्या गोळ्या, गाजर आणि फळं म्हणजे आपला पेढा, सणासुदीला एक फोड. कारण दोन. एक म्हणजे दात, २८ च्या २८ दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर, आणि ते झिजवायला गवताचं चावणंच लागतं. दुसरं म्हणजे पोट. सशाचं आतडं म्हणजे आमची जुनी कदंबा बस, चालू आहे तोवर चालू, एकदा बंद पडली की धक्का मारून सुरू होत नाही. तंतू आत जात राहिले तरच ते हलत राहतं. चपाती, बिस्किट, भात, पोळी, पाव याने ते सुस्तावतं, आत गॅस होतो, आणि सशाला उलटीही करता येत नाही.

परदेशी टिमोथी गवत ऑनलाइन मिळतं, भाव बघून आई म्हणाली या भावात तूप येतं. छोट्या पिल्लांना लसूणघास चालतो, मोठ्यांना तो रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. पाल्यात आमच्याकडे कोथमीर, पुदिना आणि मुळ्याचा पाला चालतो. कांदा-लसूण, कच्चा बटाटा अजिबात नाही. अळू पण नाही, पावसाळ्यात आमच्या मागच्या दारी तेरें आणि अळू माजलेलं असतं आणि दिसायला किती छान हिरवंगार, पण कच्चं खाल्लं तर आपल्या घशाला जसं खाजतं तसंच त्याला, वर त्यात ऑक्झलेट नावाचं बाधणारं द्रव्य. तांबडी भाजी, पालक तर अगदी कधीतरी एखादं पान. आणि नवीन काहीही एकदम द्यायचं नाही, एक पान, मग दोन दिवस लेंड्या बघायच्या, मग पुढचं.

हो, लेंड्या. ससा पाळल्यापासून मी दिवसाची सुरुवात लेंड्या बघून करते. गोल, कोरड्या, वाटाण्याच्या जवळपास, एकसारख्या, दिवसाला दोनशेच्या वर. छोट्या झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या किंवा कमी झाल्या तर आत काहीतरी बिघडलंय. आणखी एक प्रकार असतो, मऊ, चमकदार, द्राक्षाच्या घोसासारखा, तो तो थेट तोंडाने घेऊन खातो, बहुतेक रात्री किंवा पहाटे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओकारीच आली, पण ते त्याचं दुसरं जेवण आहे, गवत एकदा आतून फिरून आलं की त्यातली जीवनसत्त्वं दुसऱ्या फेरीत मिळतात. गाय रवंथ करते तसंच समजा, फक्त रस्ता लांबचा. आईला हे उदाहरण पटलं, तिच्या माहेरी गाई होत्या.

तर चौथा दिवस. मी शहाणपणा करून चपाती-बिस्किट एकदम बंद करून नुसतं गवत ठेवलेलं. इथे चुकलं. दोन वर्षं जे खाल्लं ते एका दिवसात नाही बदलत, हळूहळू आठवडा-दोन आठवडे घेऊन कमी करायचं असतं, आणि त्यात नवीन घराचा ताण. सकाळी गवत तसंच, पाला तसाच, ट्रेमध्ये चारच लेंड्या. दुपारी बारापर्यंत तो कोपऱ्यात पाठ काढून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले आणि दात कराकरा वाजवत होता. दात हळू कुरकुर वाजवले तर खुशीत असतो, पण असे जोरात, अंग आवळून वाजवले तर दुखतंय. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर ती इमर्जन्सी असते, उद्या बघू म्हणायची सोय नाही. मला एवढं माहीत होतं, कुठे न्यायचं ते माहीत नव्हतं. जवळच्या क्लिनिकमध्ये सांगितलं आम्ही ससे बघत नाही. तिसऱ्या-चौथ्या फोननंतर पणजीच्या बाजूला एक डॉक्टर मिळाल्या ज्या बघतात. त्यांनी पोट चाचपलं, सलाइन दिलं, दुखण्यावरचं इंजेक्शन, आणि अडथळा नाही हे बघून मगच सिरिंजने भरवायला सांगितलं. रात्री अडीच वाजता मी फरशीवर बसलेली आणि ट्रेमध्ये टपकन एक लेंडी पडली. मी आईला उठवून सांगितलं. आई म्हणाली, तुझं लग्न ठरलं असतं तरी तू मला एवढ्या रात्री उठवलं नसतंस.

म्हणून माझं एकच सांगणं, ससा आणायच्या आधी डॉक्टर शोधा, ससा नंतर. आणि कुत्र्याची औषधं सशाला नाही म्हणजे नाही. उंड्याच्या मानेवर कोंडा दिसला म्हणून मी एका दुकानात विचारलं तर तिथल्या मुलाने कुत्र्याच्या गोचिडांचे थेंब हातात ठेवले, नशीब मी लेबल वाचलं, फिप्रोनिल होतं, ते सशाला विषारी. अमॉक्सिसिलिनसारखी आपल्या घरात पडलेली अँटिबायोटिक्स तोंडावाटे दिली तर पोटातले चांगले जंतू मरून ससाही जाऊ शकतो. कोंड्यासाठी डॉक्टरांनी वेगळं औषध वजनावर मोजून लावलं, गेला तो. अंघोळही घालायची नसते, ते स्वतः मांजरासारखे स्वच्छ राहतात, पाण्याने त्यांना धक्का बसतो.

आता शी-सूची जागा. हे मला सगळ्यात कठीण वाटलेलं आणि सगळ्यात सोपं निघालं. मी ट्रे ठेवला उजव्या कोपऱ्यात, तो जायचा डाव्या. तीन दिवस मी त्याला शिकवत होते, मग अक्कल आली आणि ट्रे डावीकडे नेला. संपलं. ट्रेमध्ये खाली रद्दी आणि लाकडाच्या गोळ्या, आणि एका टोकाला गवताचा ढीग, कारण ससे खाता खाताच शी करतात, एक डबा आत एक डबा बाहेर. मांजराची गोळा होणारी वाळू नको, पोटात गेली तर तिथेही गोळाच होणार. सूचे पांढरे डाग पडतात, त्यांच्या लघवीत कॅल्शियम असतं, ते व्हिनेगरने जातात. घरात पांढरं व्हिनेगर नव्हतं म्हणून मी शेजारच्या आंटीकडून वाटीभर माडाच्या सुरेचं विनागर आणलं. डाग गेले. दोन दिवस हॉलला विंदालूचा वास येत होता. आणि एकदा लघवी लालभडक दिसली, मला वाटलं रक्त, परत डॉक्टर, त्या हसल्या, पाल्यातल्या रंगाने होतं असं कधी कधी. तरी शंका आली तर दाखवून घ्या, मी काही डॉक्टर नाही.

एवढं सगळं करून पंधरा दिवस झाले आणि उंडो काही माझ्याकडे येईना. मी त्याच्यासाठी ऑनलाइन गवत मागवते, रात्र रात्र जागते, रोज संध्याकाळी ऑफिसमधून येऊन कठड्यात हात घालून "उंड्या, उंड्या" करते, कोथमीर दाखवते, आणि हा कोथमीर झटकन ओढून खोक्यात. मला रागच आला होता एकदा, खोटं का बोलू.

मग एका रविवारी काय झालं. लायट गेलेली, बाहेर मुसळधार, आणि आई हॉलमध्ये उजेडाला म्हणून खाली रद्दीवर तांबडी भाजी निवडत बसलेली. कठडा उघडाच राहिला होता. आईला सशाशी काही देणंघेणं नाही, ती त्याच्याकडे बघतही नव्हती, तिचं आपलं काहीतरी पुटपुटत काम चाललेलं. उंडो बाहेर आला. दोन पावलं, थांबला. परत दोन पावलं, मान लांब, मागचे पाय पळायच्या तयारीत. आईच्या साडीचा काठ हुंगला. मग पायाचा अंगठा. मग तिच्या गुडघ्याला आपली हनुवटी घासली. मी दारात चहाचा कप घेऊन उभी, श्वास रोखून. हनुवटीखाली त्यांना गंधाच्या ग्रंथी असतात, घासून ते शिक्का मारतात, हे माझं. पंधरा दिवस मी खर्च करून, आणि शिक्का आईला! आई वर न बघताच म्हणाली, "राव रे, भाजी म्हज्या घोवाक जाय." म्हणजे थांब, भाजी माझ्या बाबांना हवी.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई खाली बसली होती, तिचा हात त्याच्याकडे जात नव्हता, आणि तिला तो नको होता. सशाचे डोळे डोक्याच्या बाजूला, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं दिसत नाही. मी रोज नेमका तिथेच, नाकासमोर, वरून हात नेत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी लॅपटॉप घेऊन खाली बसायला लागले, त्याच्याकडे पाठ करून. ससे पहाटे आणि संध्याकाळी जागे असतात, दुपारी झोपतात, त्यामुळे सहा ते आठ हा आमचा टाइम. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पाठीला ओलं नाक लागलं. मी हललेच नाही, कंबर दुखून आली तरी. आठवड्याने मी हात जमिनीवर नुसता ठेवायला लागले, तो येऊन हाताखाली डोकं घालायचा, कपाळावर आणि कानांच्या मधे हात फिरवलेला आवडतो, हनुवटी आणि पोट नाही, पाय तर नाहीच. आणि डोकं जमिनीला टेकवून तसाच थांबला की तो नमस्कार नव्हे, हुकूम असतो, चोळ म्हणून.

मग एकदा तो धावता धावता हवेत उडाला, अंगाला पीळ, मागचे पाय एकीकडे डोकं दुसरीकडे. मी किंचाळलेच. फिट आली वाटलं. तर ते आनंदाचं उडणं, इंग्रजीत त्याला वेगळा शब्द आहे पण आमच्या घरात त्याला फुगडी म्हणतात. आणि दुसरी भीती म्हणजे, चालता चालता धाडकन आडवा पडतो, डोळे पांढरे. मेला! पोटाकडे बघितलं तर वर-खाली होतंय, साहेब झोपलेत. घाबरणारा ससा असं कधीच पडत नाही. बाबा अजूनही दर वेळी जाऊन बघून येतात.

हे सगळं चालू असताना इनव्हर्टरची वायर, दोन चार्जर आणि बाबांच्या चपलेचा पट्टा गेला. ससा वाईट वागत नाही हो, त्याच्यासाठी वायर म्हणजे बोगद्यात आडवं आलेलं मूळ, कापून वाट मोकळी करायची. आता सगळ्या वायरी पाइपात घातल्यात.

गोव्यातल्या हवेचं मात्र वेगळं बोलायला हवं, कारण नेटवर सगळं थंड देशातलं. पावसात गवताला बुरशी येते, आणि बुरशीचं गवत म्हणजे पोटाचं दुखणं ठरलेलं. बंद प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, घाम येतो, मी सुती उशीच्या अभ्र्यात भरून फ्रिजवर ठेवते, तिथे जरा ऊब असते, आणि ऊन पडलं की आईच्या पापडांशेजारी. दुसरं म्हणजे माश्या. ढुंगण ओलं किंवा घाण राहिलं तर माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या, जिवावर बेतणारं आहे ते, म्हणून पावसाळ्यात दिवसातून दोनदा उलटं न करता मागून बघायचं, आणि खिडक्यांना जाळी. ती जाळी मुंगसाला, मांजराला, धामणीलाही अडवायला उपयोगी. आणि ऑक्टोबर! सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकूनही भागत नाही, बरीचशी उष्णता कानातून. पारा तीसच्या आसपास गेला की त्याला जड जातं, वर आपली दमट हवा. पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून फडक्यात गुंडाळून ठेवते, त्याला टेकून पडतो, कानांना ओला हात लावते, दुपारी गोधडी काढून उघडी टाइल देते. ज्या फरशीला सुरुवातीला शिव्या दिल्या तीच.

चवथीला फटाके. आमच्याकडे चवथीला किती वाजवतात ते सांगायला नको. पहिला बार झाला आणि उंड्याने मागचा पाय असा आपटला की बाबांना वाटलं आतल्या खोलीत काहीतरी पडलं. ते त्यांचं सायरन, कळपाला सांगणं की धोका आहे. मी खोक्यावर जाड चादर टाकली, पंखा मोठा केला, शेजारी बसले. गवत खातोय का यावर डोळा. खाल्लं, उशिरा पण खाल्लं. सकाळी उठून बघते तर आई मागच्या अंगणात दुर्वा काढत होती, गणपतीच्या एकवीस जुड्या बांधून झालेल्या आणि शेजारी सुपात आणखी एक ढीग. दुर्वा म्हणजे हरळी, सशाला उत्तम, फक्त कुत्रं फिरतं तिथली नको आणि फवारा मारलेली नको. "हा ढीग कुणाचा?" तर म्हणते, "उंदराला ठेवतात ना काहीतरी, मग याला काय झालं." फळापानांनी सजवून टांगलेल्या माटोळीखाली गणपती, गणपतीसमोर उंदीर, आणि हॉलच्या कोपऱ्यात हा दुर्वा चावतोय.

अजून एक काम राहिलंय, नसबंदी. थोडा तब्येतीने सुधारला की करू असं डॉक्टर म्हणाल्यात, आता डिसेंबर-जानेवारीत. नर असेल तर लघवीचे फवारे उडवतो, मादी असेल तर जास्तच महत्त्वाचं कारण त्यांना गर्भाशयाचा कॅन्सर व्हायचं प्रमाण फार मोठं आहे. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवू नका, उलटी होतच नाही मग उपास कशाला, हे पुन्हा कुणी चुकीचं सांगेल म्हणून लिहिलं. त्यानंतर जोडीदाराचा विचार. ससे एकटे राहायचे नाहीत खरं तर. पण ओळख करून द्यायला आठवडे लागतात, आणि तोवर दुसरा कठडा, दुसरी गोधडी, दुसरं कुंडलें. कुंडल्याचं आईला अजून सांगितलं नाहीये.

दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा पुतळा. आमच्या वाड्यावरचा यंदा दोन मजल्यांएवढा, आणि स्पीकर असे की खिडकीच्या काचा थरथरत होत्या, पहाटे जाळेपर्यंत. मी बाराला झोपायला गेले कारण दिवसभर कामाने पाय मोडले होते, उंड्याला चादर, पंखा सगळं लावून. साडेपाचला जाग आली. बाहेर शांत झालेलं, जळक्याचा वास, आणि कुठूनतरी पदेराचा पों पों. हॉलमध्ये येऊन बघते तर कठडा उघडा, आई तिथेच खाली चटईवर उशी घेऊन झोपलेली आणि तिच्या पोटाच्या वळचणीला टेकून उंडो, पाय मागे पसरून, धाडकन पडलेला.

मी म्हटलं, आई, खोलीत नाही झोपलीस?

"आत उकडत होतं," आई डोळे न उघडता म्हणाली. "जा, उंडे घे. चार सांग. पाच नको, पाचवा हांगा आसा."